कापडी सनरूफच्या नादात टप कापून घेतला

मी जालना जिल्ह्यात शाळेवर आहे. गाडी 2014 ची, छोटी, पेट्रोलवरची. कर्ज फिटलेलं, एसी बरा, टायर बरे. तिला काही करायची गरजच नव्हती. लेकीला सनरूफ हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

संभाजीनगरच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात मालकानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. बटण दाबलं की कापड घड्या घालत मागं सरकतं. "गुरुजी, जर्मन किट आहे. काचेचं वजन नाही. आरटीओची तर भानगडच नाही, कापड आहे हो, काच नाही!" हे शेवटचं वाक्य मला फार पटलं. कापड असो की काच, खाली पत्रा कापावाच लागतो, हे पोरांना गणित शिकवणाऱ्या माणसाला सुचलं नाही.

42 हजार सांगितले, 36 वर तुटलं. 20 आगाऊ दिले, यूपीआयनं, तेही दुकानाच्या नव्हे तर त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लावला तर तुम्हालाच जास्त पडेल. मी खूष!

चहा घेऊन या म्हणून फार आग्रह झाला, पण मी जाग्यावरून हललो नाही. एवढं एकच शहाणपण केलं. पोरानं टपावर पांढऱ्या चिकटपट्टीनं चौकोन आखला, आतलं लायनिंग खाली ओढलं आणि ग्राइंडर लावला. ठिणग्या मागच्या काचेवर उडत होत्या. एखादं ओलं पोतं टाकायचं कुणाला सुचलं नाही. त्या काचेवर आजही बारीक काळे टिपके आहेत, घासून जात नाहीत. अर्ध्यात एक आडवी पट्टी आड आली. पोरानं मालकाकडं पाहिलं, मालकानं मान हलवली आणि ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. मी विचारलं तर म्हणे, "काही नाही गुरुजी, लायनिंग धरायची पट्टी असते ती."

मे महिन्यात कौतुक चार दिवस टिकलं. आपल्याकडच्या 42 अंशांत टप उघडून कोण फिरणार? बंद ठेवलं तरी काळं कापड तापायचं आणि डोक्यावर तवा धरल्यासारखं व्हायचं.

मग मृग लागला. आईला मत्स्योदरीच्या दर्शनाला अंबडला नेत होतो. वाटेत सर आली. आधी मागच्या सीटवर टपटप, मग धारच. पुढं ब्रेक दाबला तशी लायनिंगमध्ये साचलेली सगळी पखाल माझ्या मानेवर. आई म्हणाली, "काय रं, ह्या गाडीत बी पडतो का पाऊस?"

दुकानदारानं दोनदा सिलिकॉन फासून दिलं. "पहिल्या पावसात कापड फुगतं, मग बसतं." तिसऱ्यांदा फोनच उचलला नाही.

शेवटी इथल्याच एका जुन्या डेंटरकडं गेलो. त्यानं लायनिंग काढून मला आत डोकं घालायला लावलं. सनरूफमधून थोडं पाणी आत येणार हे धरूनच त्याच्या चौकटीला सगळ्या बाजूंनी पन्हाळ असते. कोपऱ्यांना नळ्या जोडतात, त्या खांबांच्या आतून खाली उतरून पाणी गाडीबाहेर सोडतात. माझ्या चौकटीला चार तोंडं होती. पुढच्या दोघांना वीतभर पाइप लावून तो लायनिंगमागं खोचून दिला होता, कुठंच न जोडता. मागची दोन तोंडं सिलिकॉननं बुजवलेली. म्हणजे बाहेरून कितीही फासा, पाणी घरातच राहणार.

टपाच्या पत्र्यावर उभ्या पन्हाळ्या दाबलेल्या असतात, त्यांच्यावर सपाट चौकट बसत नाही. तिथं बोटभर फट सिलिकॉननं भरली होती. कापलेल्या कडेला प्रायमरचं बोटही लावलेलं नव्हतं, सगळीकडं तांबूस गंज. जर्मन चौकटीला आतून वेल्डिंगचे टाके, आणि कापड टेम्पोच्या हुडाचं. डेंटरनं कापलेल्या पट्टीचं टोक दाखवलं. "सर, दोन्ही बाजू धरून ठेवणारा आडवा बार आहे हा. गाडी पलटली तर टप कशावर राहणार?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती 36 हजारांमुळं नव्हे.

विम्याच्या एजंटला विचारलं तर तो आधी हसला. कंपनीला न कळवता टप कापला असेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेयर तेवढंच धरून बसतो. आणि आरटीओची भानगड नाही म्हणे! मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालकाला म्हणजे मला, कापणाऱ्या पोराला नव्हे.

तुम्ही कुठं काही बसवून घेत असाल तर लायनिंग बंद करायच्या आधी पन्हाळीत तांब्याभर पाणी ओतायला लावा आणि ते गाडीखाली कुठून पडतं ते वाकून बघा. दुकानदार टाळाटाळ करायला लागला की गाडी काढा, आगाऊ दिलेले पैसे गेले तरी.

बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, त्याचे व्हॉट्सॲपवरचे "जर्मन किट" वाले मेसेज आणि डेंटरनं काढू दिलेले फोटो माझ्याकडं आहेत. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे मेव्हण्याच्या नावावर गेलेत, ते दुकानाचेच हे सिद्ध करायला मात्र घाम फुटणार.

टप नीट करायचा तर त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचा अख्खा टप, बारासकट, कापून आणून वेल्ड करावा लागेल, असं डेंटर म्हणतो. तसा टप शोधतोय. तोवर गाडी शेडमध्ये, वर ताडपत्री बांधून. शाळेत मोटरसायकलवर जातो.