कॅसेटवरची गाणी पेन ड्राइव्हवर : नाशिकमधल्या एका दुकानाचा अनुभव

मेनरोडवरून भद्रकालीकडे उतरणाऱ्या एका बोळात टीव्ही, मिक्सर आणि इस्त्री दुरुस्त करून देणारे छोटे दुकान आहे, आणि त्याच दुकानात जुन्या कॅसेटवरची गाणी संगणकावर घेऊन पेन ड्राइव्हवर भरून मिळतात. दुकानाचे काका एकटेच काम करतात, हाताखाली माणूस नाही. कामाचा ढीग झेपणार नाही म्हणून दुकानाचे नाव कुठे छापू नका, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले, आणि ते मी पाळते आहे. मेनरोडवरच्या एखाद्या जुन्या दुकानदाराला रेडिओ दुरुस्त करणारे काका कुठे बसतात असे विचारले, तर तो बोळ दाखवतो. मलाही तो असाच सापडला.

मी नेलेली कॅसेट साठ मिनिटांची होती. १९९४ साली ती मला एका मित्राने दिली. ‘मित्र’ हा शब्द आम्ही तेव्हा घरच्यांसमोर वापरत असू; एकमेकांसमोर कोणताच शब्द वापरण्याची वेळ आली नव्हती. पहिली बाजू त्याने गाण्यांची यादी देऊन दुकानातून भरून घेतली होती, जशी त्या काळी सगळेच घेत असत. दुसरी बाजू मात्र त्याने स्वतः घरी, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, त्याच्या माइकवर टिपली होती. आतल्या कार्डावर गाण्यांची नावे नव्हतीच, फक्त निळ्या शाईत ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ एवढेच लिहिले होते. कुसुमाग्रजांच्या गावात वाढलेल्या आमच्यासारख्यांना ही कविता शाळेपासून पाठ होती, आणि सूर्याभोवती फिरत राहणाऱ्या, जवळच्या कोणालाही न स्वीकारता त्या लांबच्या तेजाचेच अंतर पत्करणाऱ्या पृथ्वीबद्दल आम्ही सोमेश्वरपर्यंत सायकली हाकताना पुष्कळ बोलत असू. पुढे तो नोकरीसाठी परराज्यात गेला. दीड वर्ष पत्रे येत होती, मग लग्नपत्रिका आली.

सप्टेंबर २००८ च्या पुरात सराफ बाजारालगतच्या आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर गंगेचे, म्हणजे गोदावरीचे, पाणी शिरले आणि माहेरच्या कपाटातल्या सगळ्या कॅसेट भिजल्या. बाकीच्या आईने टाकून दिल्या. मी ही आणि आणखी दोन एवढ्याच वाळवून ठेवल्या, त्या बरीच वर्षे तशाच पडून होत्या.

काकांचे काम चांगले का वाटले हे सांगण्यासाठी आधीचा अनुभव सांगावा लागेल. त्या दोन कॅसेट मी पूर्वी शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी दिल्या होत्या. दोन दिवसांत काम झाले, पैसेही कमी घेतले, आणि गाणी ऐकताच मन खट्टू झाले. टेपची खरखर काढण्याच्या नादात त्यांनी गाण्यातला श्वासही काढून टाकला होता. सुरेश भटांची ‘केव्हातरी पहाटे’ ही गझल हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आशा भोसले गातात, तेव्हा ओळ संपल्यानंतर त्या जो श्वास घेतात तो त्या गझलेचाच भाग आहे. रात्र उलटून गेली हे ज्या बाईच्या उशिरा ध्यानात आले, तिचा तो श्वास आहे. माझ्या हाती आलेल्या फाइलमध्ये ओळ संपली की पोकळी होती, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. ते गाणे या साठ मिनिटांच्या कॅसेटवरही आहे, म्हणून ही कॅसेट कोणाच्याही हाती देण्याचा धीर मला बरेच दिवस झाला नाही.

काकांनी पहिल्या दिवशी कॅसेट यंत्रात घातलीच नाही. उजेडाकडे धरून त्यांनी मला गुंडाळीच्या कडेला बसलेली पांढरी पूड दाखवली. ती बुरशी असून, अशीच वाजवली तर पूड हेडवर, म्हणजे यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या भागावर, चढेल आणि टेप अडकून तुटेल, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय टेपला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा इवलासा तुकडा गळून पडलेला होता. तो नसला की आवाज बसका आणि तुटक येतो. कॅसेटला स्क्रू नव्हते, तिच्या कवचाचे दोन्ही भाग कारखान्यातच चिकटवलेले होते. त्यांनी पातळ पात्याने सांधा उकलला, दोन्ही गुंडाळ्या पाच स्क्रूंच्या दुसऱ्या कवचात बसवल्या आणि मऊ कोरड्या फडक्याच्या घडीतून सगळी टेप हाताने, पेन्सिल फिरवत, एकदा पुढे आणि एकदा मागे ओढून घेतली. टेपची रुंदी चार मिलिमीटरही भरत नाही; एवढ्या अरुंद पट्टीवर एका बाजूची अर्धी रुंदी आणि दुसऱ्या बाजूची उरलेली अर्धी, अशी दोन्हीकडची गाणी शेजारीशेजारी असतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

नंतर त्यांनी मला समोर बसवून हेडफोन दिला. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट भरणाऱ्या यंत्राचे हेड ज्या कोनात होते, त्याच कोनात वाजवणाऱ्या यंत्राचे हेड आणावे लागते, नाहीतर बारीक, तीक्ष्ण आवाज हरवतात. कॅसेटवरचे पहिले गाणे ‘शुक्रतारा मंद वारा’ हे होते. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. मराठी घरात हे गाणे माहीत नाही असा माणूस विरळा. सुरुवातीला पहिल्या शब्दातला ‘श’ कापडाआडून बोलल्यासारखा येत होता. काका पेचकसाने स्क्रू केसभर फिरवत, पुन्हा मागे नेत आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत. चौथ्या की पाचव्या खेपेला तो ‘श’ इतका स्वच्छ आला की मी हात वर केला आणि त्यांनी पेचकस खाली ठेवला. गाणाऱ्याचे ओठ जवळ आल्यासारखे वाटले. इतक्या वर्षांत कोणत्याही दुकानात माझ्या कामाकडे कोणी इतके लक्ष दिलेले नाही.

पहिल्या बाजूवरची इतर गाणी मी भराभर सांगते. पाडगावकर आणि यशवंत देव यांचे, अरुण दातेंनी गायलेले ‘भेट तुझी माझी स्मरते’ त्या वयात फार ऐकले. आता ऐकताना त्यातली पावसाची रात्र आवडते, पण आत काही हलत नाही. ‘मालवून टाक दीप’ लता मंगेशकरांच्या आवाजात आहे आणि ते ऐकताना मी अजूनही दुसरे कोणतेही काम करू शकत नाही.

परंतु ज्या गाण्यासाठी मी ही कॅसेट वाचवली ते ‘तोच चंद्रमा नभात’ आहे. शांता शेळके यांनी ते शीलाभट्टारिका या प्राचीन कवयित्रीच्या एका संस्कृत श्लोकावरून लिहिले, आणि सुधीर फडके यांनी त्याला चाल देऊन ते स्वतः गायले. मूळ श्लोकात एक स्त्री म्हणते, की तोच प्रियकर आहे, त्याच चैत्रातल्या रात्री आहेत, तोच सुगंधी वारा आहे, मीही तीच आहे, तरी माझे मन रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठावरच्या वेताच्या झाडाखाली धाव घेते आहे. शांताबाईंनी हे बोलणे पुरुषाच्या तोंडी दिले, आणि मूळच्या ओढीपेक्षा रितेपणाला अधिक जागा दिली. चंद्र, चैत्रातली रात्र आणि प्रिया, सगळे जागच्या जागी असून प्रेमच उरलेले नाही, अशी ही व्यथा आहे. विसाव्या वर्षी मला ते गाणे प्रेमाचे वाटे, कारण त्यात चंद्र होता आणि ते त्याने भरून घेतले होते. विरहाचे दुःख मला कळत होते. समोरासमोर असण्याचे दुःख कळण्याइतके आयुष्य झालेले नव्हते.

ते २०११ मध्ये कळले. कालिदास कलामंदिरात एका संगीत कार्यक्रमाच्या मध्यंतरात तो अचानक भेटला. त्याची पत्नी आणि माझे यजमान दोघेही बरोबर होते, ओळखी झाल्या, सगळ्यांनी चहा घेतला. त्याचे हसणे तेच होते, बोलताना मान किंचित उजवीकडे कलण्याची सवयही तीच होती. मी मनाची पुष्कळ तयारी करून उभी होते आणि आत काहीच झाले नाही. त्या रात्री घरी येऊन मी रडले. लग्नपत्रिका आली तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते. यजमानांनी काही विचारले नाही, फक्त दिवा मालवला. बाबूजींच्या आवाजात या गाण्याचे शब्द जे सावकाश, एकेक अक्षर वेगळे ठेवून येतात, ते तसेच का यायला हवेत हे मला त्यानंतर समजले. दुःखाचा कढ असता तर आवाज भरून आला असता, पण इथे मागे कढही शिल्लक नाही, म्हणून उच्चार इतके स्वच्छ आहेत. काकांच्या फाइलमध्ये ते सगळे उच्चार जिथल्या तिथे आहेत. खरखर आहे, पण ती गाण्याच्या मागे राहते.

दुसऱ्या बाजूने त्यांना अधिक त्रास दिला. ज्या टेपरेकॉर्डरवर ती टिपली होती तो हळू चालत असावा, कारण नीट गतीच्या यंत्रावर गाणी भरभर आणि वरच्या पट्टीत वाजू लागली. काकांनी ते ऐकताच ओळखले, मला विचारले आणि गती दुरुस्त केली. ‘सखी मंद झाल्या तारका’ हे सुधीर मोघे यांचे गीत राम फाटक यांच्या चालीत भीमसेन जोशी गात असताना मध्येच त्याच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येते. गाण्यातला माणूस रात्र सरत आली तरी वाट पाहतो आहे, आता तरी येशील का म्हणून विचारतो आहे, आणि मागे वरण शिजते आहे. काका म्हणाले, “ताई, ही शिट्टी काढून टाकता येईल, थोडं गाणंही जाईल पण कळणार नाही.” मी नको म्हणाले. त्यांनी पुन्हा कारण विचारले नाही, आणि चिठ्ठीवर ‘शिट्टी ठेवणे’ असे लिहून घेतले. त्या स्वयंपाकघरात मी कधीच गेले नाही. तिथला एवढाच आवाज माझ्याजवळ आहे.

‘स्वर आले दुरुनी’ हे गाणे पाण्याने खराब झालेल्या भागात सापडले आहे, त्यामुळे दोन ठिकाणी आवाज अर्ध्यावर जातो आणि परत येतो. ते दुरुस्त होणार नाही हे काकांनी काम घेण्याआधीच सांगितले होते. ‘जिवलगा, राहिले रे दूर घर माझे’ मात्र आश्चर्य वाटावे इतके धड राहिले आहे. शेवटचे गाणे ‘अशी पाखरे येती’ दुसऱ्या कडव्यात मध्येच तुटते, कारण तीस मिनिटांची बाजू तिथे संपली. हे गाणे मी नंतर शेकडो वेळा पूर्ण ऐकले आहे, तरी त्या जागी माझा कान थांबतो. काकांनी दुसऱ्या ध्वनिमुद्रणावरून पुढचा भाग जोडून देण्याची तयारी दाखवली होती, त्यालाही मी नकार दिला.

आता व्यवहाराचे बोलते. कॅसेटमागे त्यांनी तीनशे रुपये आणि कवच बदलण्याचे वेगळे दीडशे रुपये घेतले. कामाला सांगितलेल्या आठवड्याऐवजी अकरा दिवस लागले, आणि उशीर होणार हे त्यांनी आपणहून कळवले नाही. दोन फेऱ्या मला उगाच पडल्या. फाइलींना नुसते आकडे दिलेले होते, गाण्यांची नावे मला घरी बसून घालावी लागली. पावती मागितल्यावर मिळाली. मोबाइलसाठी एमपी-थ्री आणि जपून ठेवण्यासाठी मोठी वेव्ह फाइल, अशी दोन्ही रूपे त्यांनी दिली, हे फार चांगले केले. वेव्ह फाइल मिनिटाला साधारण दहा एमबी जागा घेते, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटला सहाशे एमबीच्या आसपास जागा लागते, तेव्हा कॅसेट अधिक असतील तर पेन ड्राइव्ह तेवढा मोठा न्यावा. खरखर किती कमी करायची हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. न सांगितल्यास ते थोडीच कमी करतात. ज्यांना अगदी नव्यासारखे गाणे हवे आहे त्यांनी ते मोबाइलवर ऐकावे, त्यासाठी इथे जाण्याची गरज नाही.

जुनी कॅसेट त्यांनी नव्या कवचात परत दिली आणि उकललेले जुने कवच टाकून न देता, कार्डासह, एका पाकिटात घालून दिले. कार्डावरची निळी शाई पुरात पसरली आहे, पण ‘पृथ्वीचे’ एवढे अजून वाचता येते. आधीच्या ठिकाणी ज्यांचे काम बिघडले त्या दोन कॅसेट मूळ रूपात माझ्याजवळ आहेतच. पुढच्या आठवड्यात मी त्याही घेऊन त्या बोळात जाणार आहे.