स्वीकृतीपत्र एका रात्रीत आले: रोगप्रतिबंधावरील एका बनावट परिषदेचा अनुभव

रोगप्रतिबंध आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांवरील परिषदांना ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे संशोधनाचा सारांश, पाठवणाऱ्या निवासी डॉक्टरांनी, आणि त्याहूनही त्यांच्या गाईडनी, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांनी, हा अनुभव वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याची, स्वतःला जागतिक म्हणवणाऱ्या एका परिषदेने फसवणूक केली. त्याचे चाळीस हजारांहून अधिक रुपये गेले. पैशांइतकेच, किंबहुना त्याहून मोठे नुकसान त्याच्या संशोधनाचे झाले, आणि ते नेमके कसे होते हे पैसे गेल्याच्या दुःखात कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

त्याचा अभ्यास खर्रा खाणाऱ्यांविषयी होता. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा किती सर्रास खाल्ला जातो आणि त्यामुळे तोंड उघडेनासे होण्यापासून मुखकर्करोगापर्यंत काय काय होते, हे इथल्या डॉक्टरांना नव्याने सांगायला नको. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती आशाताई घरोघरी जाऊन सीबॅक या आजारांचा धोका मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या फॉर्ममध्ये भरतात, आणि ज्यांचा गुणांक चारच्या वर जातो त्यांना तपासणीसाठी प्राधान्याने पाठवले जाते. पाठवलेल्यांपैकी किती जण खरोखर आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचतात, आणि जे पोहोचत नाहीत ते कुठे अडतात, हा माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता. रोजंदारी बुडते, सोबत यायला कोणी नसते, तोंडात दुखत नसताना डॉक्टरकडे कशाला जायचे असे वाटते, ही उत्तरे त्याने लोकांच्या ओट्यावर बसून, त्यांची लेखी संमती घेऊन लिहून आणली होती. प्रतिबंधाच्या कामात असे साधे प्रश्नच महत्त्वाचे असतात आणि त्यांची उत्तरे मिळवायला फार पायपीट करावी लागते.

परिषदेचे निमंत्रण त्याला ईमेलने आले. त्याआधी त्याचा एक छोटा लेख एका नियतकालिकात छापून आला होता, आणि पत्रव्यवहारासाठी दिलेला त्याचा पत्ता तिथूनच उचलला गेला असावा, कारण निमंत्रणात त्या लेखाचे शीर्षक जसेच्या तसे देऊन त्याच्या 'मौलिक योगदानाची' स्तुती केलेली होती. परिषद दुबईला होणार होती. विषयांच्या यादीत लसीकरण, कर्करोगाचे स्क्रीनिंग, मधुमेह, माता-बाल आरोग्य असे आमच्या शाखेतले सगळेच होते. वैज्ञानिक समितीत निरनिराळ्या देशांतील प्राध्यापकांची छायाचित्रांसह नावे होती आणि पानाच्या तळाशी जागतिक आरोग्य संघटनेचे बोधचिन्ह लावलेले होते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पोस्टर, निबंधवाचन किंवा प्रकाशन अशा अटी पूर्ण कराव्या लागतात. परीक्षा जवळ येत असते, आणि चांगल्या परिषदांच्या तारखा त्या वेळापत्रकात बसतातच असे नाही. नेमक्या याच घाईच्या वेळी असे निमंत्रण हातात पडते.

ॲबस्ट्रॅक्ट रात्री पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वीकृतीपत्र आले. तोंडी सादरीकरणासाठी निवड झाल्याचे आणि परीक्षकांना काम 'अत्यंत उत्कृष्ट' वाटल्याचे त्यात लिहिले होते. या अभ्यासाविषयी एकही प्रश्न विचारलेला नव्हता. पुढे हाच अभ्यास आम्ही एका खऱ्या परिषदेकडे पाठवला तेव्हा परीक्षकांनी विचारले की, तोंडाची तपासणी आशाताईंनी केली की डॉक्टरांनी, नमुन्याचा आकार कोणत्या आधारावर ठरवला, जे घरी सापडले नाहीत त्यांना हिशेबात धरले की वगळले, आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक कुठे आहे. उत्तरे देताना ॲबस्ट्रॅक्टमधील दोन वाक्ये बदलावी लागली आणि ती बदलल्यावर काम अधिक नेमके झाले. परिषद खरी आहे की खोटी हे ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण मला इथेच सापडते. सभागृह, समिती, बोधचिन्ह, माहितीपत्रक या सगळ्यांची नक्कल करता येते. पण तुमचे काम वाचून त्यावर हरकत घेणारा माणूस ठेवायचा तर खर्च येतो, आणि त्या हरकतीमुळे पैसे भरणारे गिऱ्हाईक हातचे जाण्याची भीतीही असते. म्हणून तेवढे एकच तिथे नसते.

स्वीकृतीनंतर लगेच पैशांचा तगादा सुरू झाला. सवलतीच्या दराची मुदत दोन दिवसांत संपत असल्याचे ईमेल येऊ लागले, आणि ती मुदत संपल्यावर ती 'खास तुमच्यासाठी' पुन्हा वाढवण्यात आली. शुल्क पाचशे डॉलरच्या आसपास होते. ते कार्डाने भरल्यावर व्यवहाराच्या नोंदीत परिषदेचे नाव न येता भलत्याच एका कंपनीचे नाव आले. त्यानंतर परिषदेच्या ठरलेल्या हॉटेलातच राहण्याचे पॅकेज घ्यावे, संपूर्ण निबंध त्यांच्या नियतकालिकात छापण्यासाठी वेगळे शुल्क भरावे, अशी पत्रे येत राहिली. ही पुढची रक्कम आम्ही भरली नाही, कारण एव्हाना मी समितीतील नावांची चौकशी सुरू केली होती.

त्या यादीतील एका प्राध्यापकांना मी त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावर लिहिले. त्यांचे उत्तर सभ्य आणि स्पष्ट होते. या परिषदेशी आपला कसलाही संबंध नाही, आपली संमती कधी घेतलेली नाही, आणि नाव काढून टाकण्याची विनंती केली असता तिची दखलही घेतली गेली नाही, असे त्यांनी कळवले. परिषद जवळ आली तेव्हा 'अपरिहार्य कारणांमुळे' ती ऑनलाइन होणार असल्याचे कळवण्यात आले. शुल्क परत मागितले तेव्हा ते परत न करण्याची अट नोंदणीच्या वेळीच मान्य केल्याचे उत्तर मिळाले. त्या ऑनलाइन सत्रात रोगप्रतिबंधाबरोबर दंतवैद्यक, नर्सिंग आणि अन्नविज्ञान अशा तीन 'जागतिक' परिषदा एकाच दुव्यावर एकत्र केलेल्या होत्या. ऐकणारे जवळजवळ सगळे आपापली पाळी येण्याची वाट पाहणारे वक्तेच होते. अध्यक्ष म्हणून बोलणाऱ्या व्यक्तीने विद्यार्थ्याला एकही प्रश्न विचारला नाही, खर्रा म्हणजे काय हेसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत प्रमाणपत्र आले आणि त्यावर दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला 'प्रमुख वक्ता' म्हटले होते.

अशा व्यवसायाबद्दल आता बरेच काही जाहीरपणे नोंदले गेले आहे आणि ते आपल्या विभागांत माहीत असायला हवे. हैदराबादच्या ओमिक्स इंटरनॅशनल या समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली दावा दाखल केला. लेखांचे तज्ज्ञांकडून परीक्षण होत असल्याचा खोटा दावा, संमतीशिवाय शास्त्रज्ञांची नावे वापरणे आणि शुल्काची माहिती दडवणे हे त्यातील मुख्य आरोप होते, आणि ते नियतकालिकांइतकेच परिषदांबाबतही होते. २०१९ साली नेवाडातील संघीय न्यायालयाने या समूहाविरुद्ध ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला. त्याच २०१६ साली न्यूझीलंडमधील प्राध्यापक क्रिस्तोफ बार्टनेक यांनी फोनवर आपोआप सुचवले जाणारे शब्द एकामागून एक जोडून अणुभौतिकीचा एक निरर्थक ॲबस्ट्रॅक्ट तयार केला आणि या समूहाशी संबंधित एका परिषदेकडे पाठवला. तो तीन तासांत स्वीकारला गेला. बोधचिन्हाबाबत सांगायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेने लोकांना जाहीरपणे बजावलेले आहे की, परिषदेच्या नोंदणीसाठी किंवा हॉटेलच्या आरक्षणासाठी ती कधीही पैसे घेत नाही. आमची परिषद चालवणारे कोण होते हे मला शेवटपर्यंत कळलेले नाही, त्यामुळे त्यांचा संबंध मी कोणाशी जोडत नाही. पद्धत मात्र ओळीओळीने तीच होती.

आता संशोधनाच्या नुकसानाविषयी. परिषद संपल्यावर त्यांनी सर्व ॲबस्ट्रॅक्टचे एक पुस्तक ऑनलाइन टाकले. त्यात आमचे शीर्षक, आमची नावे, महाविद्यालयाचे नाव आणि अभ्यासाचे निष्कर्षही होते. बहुतेक चांगल्या परिषदांची अट असते की, पाठवलेले काम आधी कुठे सादर किंवा प्रकाशित झालेले नसावे. म्हणजे ज्या ठिकाणी कोणी वाचले नाही, तिथे ते 'प्रकाशित' झाल्यामुळे जिथे वाचले जाईल तिथली वाट अडते. ॲबस्ट्रॅक्ट काढून टाकण्याची विनंती केली तर त्यासाठीही शुल्क मागितले गेले. आम्ही ते दिले नाही. त्याऐवजी आयएपीएसएम, म्हणजे इंडियन असोसिएशन ऑफ प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, या आमच्या शाखेच्या संघटनेच्या राज्य शाखेच्या परिषदेकडे ॲबस्ट्रॅक्ट पाठवताना सोबतच्या पत्रात घडलेला सगळा प्रकार मांडला, त्या प्राध्यापकांचे उत्तर जोडले, आणि निर्णय आयोजकांवर सोपवला. त्यांनी काम विचारात घेतले. सगळीकडे असे होईल याची खात्री नसते, आणि ज्या विद्यार्थ्याची परीक्षा तोंडावर आलेली असते त्याच्याकडे वाट पाहायला वेळही नसतो. ज्या बायाबापड्यांनी आपले काम बाजूला ठेवून तपासणीसाठी तोंड उघडून दाखवले, त्यांच्या सांगण्याचा उपयोग एखाद्या भामट्याच्या जाहिरातीतील पानांची संख्या वाढवण्यासाठी व्हावा, याचा मला आजही संताप येतो.

पैसे परत मिळवण्याचा प्रयत्न कुठे अडला, हेही सांगायला हवे. बँकेकडे व्यवहाराविरुद्ध तक्रार नोंदवली. बँकेने समोरच्यांकडे विचारणा केली असता त्यांनी ऑनलाइन सत्राची नोंद आणि प्रमाणपत्र पाठवून दिले, म्हणजे सेवा दिली गेली असा पुरावा हजर केला. ते घाईघाईने आलेले प्रमाणपत्र आणि ते एका दुव्यावरचे सत्र यासाठीच असते. म्हणून संशय येताच, सत्र होण्याच्या आधी, बँकेला लेखी कळवावे. परिषद प्रत्यक्ष होणार असे सांगून पैसे घेतले आणि नंतर स्वरूप बदलले, हे दाखवणारे ईमेल आणि संकेतस्थळाच्या पानांची छायाचित्रे जपून ठेवावीत, कारण ती पाने नंतर बदलतात. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, आणि तिथेही जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी पैसे अडवण्याची शक्यता अधिक असते.

पारख करण्याच्या बाबतीत आमच्या विभागात आता जी पद्धत आहे ती सांगते. परिषद कोणती संघटना घेते आहे, हे पहिले पाहतो. आपल्या शाखेत १९५६ पासून इंडियन पब्लिक हेल्थ असोसिएशन आहे, १९७४ पासून आयएपीएसएम आहे. त्यांच्या परिषदा कोण भरवते, कुठल्या महाविद्यालयाकडे यजमानपद आहे, हे एका फोनवर कळते. महाराष्ट्रात होणाऱ्या कार्यक्रमाच्या माहितीपत्रकावर क्रेडिट पॉइंट (डॉक्टरांना अशा कार्यक्रमांना हजर राहिल्याबद्दल मिळणारे गुण) छापलेले असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्यांची शहानिशा करता येते. परदेशातील परिषदेसाठी समितीतील दोन-तीन जणांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर लिहून विचारतो, आणि हे काम विद्यार्थ्यावर न सोडता गाईड स्वतः करतो, कारण प्राध्यापकाच्या पत्राला उत्तर येण्याचा संभव जास्त असतो. मागील वर्षीचा कार्यक्रम मागवून त्यात बोललेल्या एखाद्या भारतीय डॉक्टरला गाठतो. ज्या आयोजकांच्या एकाच आठवड्यात वेगवेगळ्या शहरांत, एकमेकींशी संबंध नसलेल्या विषयांच्या परिषदा असतात, त्यांच्याकडे काही पाठवत नाही. इंटरॲकॅडमी पार्टनरशिप या विज्ञान अकादमींच्या जागतिक संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालात म्हटल्याप्रमाणे, सरळ खरे आणि सरळ खोटे यांच्या मध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत. खऱ्या परिषदेचेही व्यवस्थापन कधी ढिसाळ असते, आणि शुल्क तर सगळ्याच घेतात. त्यामुळे एका खुणेवरून निर्णय न करता अनेक गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात, आणि त्यात ॲबस्ट्रॅक्टवर काय अभिप्राय आला याला मी सर्वांत जास्त वजन देते.

एखाद्याच्या हातात आत्ता असे स्वीकृतीपत्र असेल आणि पैसे भरलेले नसतील, तर नुसते गप्प बसू नये, कारण पैसे न भरताही तुमचा ॲबस्ट्रॅक्ट त्यांच्या पुस्तकात छापला जाऊ शकतो. 'आम्ही हा ॲबस्ट्रॅक्ट मागे घेत आहोत, आणि तो कोणत्याही स्वरूपात प्रकाशित करण्यास आमची संमती नाही' असे सर्व सहलेखकांच्या नावांनिशी त्याच दिवशी ईमेलने कळवावे, त्याची प्रत गाईडला आणि विभागप्रमुखांना पाठवावी, आणि पुढे तेच काम दुसरीकडे पाठवताना हा ईमेल अर्जासोबत जोडावा.