जस्ट न्यूसन्स की बाम्से, दोघांत भारी कोण?

दुसऱ्या महायुद्धातले हे नौदलातले दोन कुत्रे. दोघेही 1944 साली गेले.

दक्षिण आफ्रिकेतल्या सायमन्सटाऊनचा न्यूसन्स हा ग्रेट डेन. खलाशांबरोबर विनातिकीट रेल्वेने हिंडायचा. रेल्वेवाले वैतागले, त्याला मारून टाकायची भाषा करू लागले. मग ब्रिटिश नौदलाने 1939 मध्ये त्याला चक्क खलाशी म्हणून भरती करून घेतलं. नाव लिहिलं ‘जस्ट’, आडनाव ‘न्यूसन्स’, म्हणजे निव्वळ उपद्व्याप! गंमत अशी, की हा खलाशी समुद्रावर कधी गेलाच नाही.

नॉर्वेचा बाम्से, सेंट बर्नार्ड, मात्र ‘थोरोड’ या सुरुंगशोधक जहाजावर राहिला. हल्ला झाला की शिरस्त्राण घालून तोफेजवळ उभा. स्कॉटलंडमध्ये तर गळ्यात पास अडकवून एकटा बसने जायचा आणि दारूच्या गुत्त्यांतून आपल्या खलाशांना हुडकून परत आणायचा. एका अधिकाऱ्यावर चाकू उगारणाऱ्याला त्याने ढकलून पाण्यात पाडलं होतं. त्याला सुवर्णपदक मिळालं, तेही 2006 मध्ये, मरणोत्तर.

किस्सा सांगायचा तर न्यूसन्स. जहाजावर सोबतीला मात्र मी बाम्सेच मागेन.