ठाणे ते वाशी, अकरा फेऱ्यांत ब्रिटनी स्पिअर्स

ब्रिटनी स्पिअर्स यांच्या ‘द वुमन इन मी’ या आत्मचरित्राचे ऑडिओबुक सुमारे साडेपाच तासांचे आहे आणि ठाणे ते वाशी लोकलला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे अकरा फेऱ्यांत ते ऐकून झाले. प्रस्तावना स्वतः ब्रिटनी वाचतात; ते दिवस पुन्हा जगणे जड गेल्याचे सांगून पुढचा मजकूर त्या अभिनेत्री मिशेल विल्यम्स यांच्यावर सोपवतात. आत्मकथा दुसऱ्याच्या आवाजात कशी ऐकायची, ही माझी शंका ऐरोली येईपर्यंत फिटली, कारण विल्यम्स कुठेही रडवा सूर लावत नाहीत.

या कथनाचा गाभा म्हणजे कंझर्व्हेटरशिप, अर्थात सज्ञान व्यक्तीचे निर्णय आणि पैसे न्यायालयाच्या आदेशाने दुसऱ्याच्या हाती देणारी अमेरिकी व्यवस्था. २००८ साली ब्रिटनी यांच्यावर ती लादली गेली आणि सूत्रे त्यांच्या वडिलांकडे गेली. स्वतःचा व्यवहार पाहण्यास असमर्थ ठरवलेल्या या गायिकेने त्याच काळात लास व्हेगसमध्ये, त्यांच्याच हिशेबाने, २४८ प्रयोग केले. हाती मात्र आठवड्याला सुमारे दोन हजार डॉलर येत आणि बूट घ्यायचे तरी परवानगी लागे. (आपल्याकडे कमावत्या मुलीचे एटीएम कार्ड वडिलांच्या खिशात असलेली घरे मी पाहिली आहेत, म्हणून हा भाग मला फारसा परका वाटला नाही.) आजीला मनोरुग्णालयात धाडून लिथियम दिले गेले होते आणि पुढे नातीलाही तेच औषध देण्यात आले, ही हकिगत विल्यम्स इतक्या सपाट स्वरात वाचतात की ती अधिकच लागते. त्या दिवशी तुर्भ्याला मी ध्वनिमुद्रण थांबवले आणि वाशीपर्यंत काहीच ऐकले नाही.

उणीव शेवटच्या तासात जाणवते. जून २०२१ मधील न्यायालयासमोरची साक्ष आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी संपलेली कंझर्व्हेटरशिप यांना मिळायला हवी होती तेवढी जागा मिळालेली नाही. गाणी कशी घडली, स्टुडिओत काय चाले, याबद्दलही फार थोडे हाती लागते. संगीताच्या ओढीने येणाऱ्याची निराशा होईल.

इंग्रजी सोपे आहे, वाक्ये लहान आहेत, पण संध्याकाळच्या गर्दीत साध्या इअरफोनवर विल्यम्स यांचा हळू आवाज हरवतो. सकाळची गाडी आणि कान नीट झाकणारा हेडफोन असेल, तर हे ऑडिओबुक जरूर घ्यावे.