आरपीजीमधल्या एसक्यूएलचे कंपाइल एरर: हिरवी स्क्रीन की व्हीएस कोड?

पुसद, दिग्रस, मंगरूळपीरकडच्या गावांतून आयबीएम आय या आयबीएमच्या सर्व्हर प्रणालीवर आरपीजी भाषेत घरून काम करणाऱ्यांनी हिरवी स्क्रीन (जुनी, फक्त मजकुराची टर्मिनल स्क्रीन) की व्हीएस कोड (एडिटर) हे साधन निवडण्याआधी तक्रार कोणाची आहे ते बघावं: आरपीजीतलं एसक्यूएल आधी हाताळणाऱ्या प्रीकंपायलरची, की त्यानंतर चालणाऱ्या आरपीजी कंपायलरची. एसक्यूएल९००१ आला तर प्रीकंपायलरच अडला, आरपीजी कंपायलर सुरूच झाला नाही. एसक्यूएल९००४ आला तर चूक बहुधा पुढच्या टप्प्यात असते. आरएनएफचे, म्हणजे आरपीजी कंपायलरचे संदेश वाचा.

हिरव्या स्क्रीनवर फक्त मजकूर ये-जा करतो, त्यामुळे मंद नेटवरही ती चालते. कंपाइल एसबीएमजॉब या कमांडने बॅचमध्ये, म्हणजे सर्व्हरवर पार्श्वभूमीत टाकलं की इकडे लाइट गेली तरी तिकडे काम चालूच राहतं. प्रीकंपायलरची यादी हवी तर कंपाइल कमांडमध्ये आउटपुट(*प्रिंट) मात्र आठवणीने द्या, डिफॉल्ट *नन असतं. अडचण एकच: प्रीकंपायलरने तयार केलेला सोर्स क्यूटेम्प या जॉबपुरत्या तात्पुरत्या लायब्ररीत पडतो आणि बॅच जॉब संपताच नाहीसा होतो. आरएनएफची चूक त्याच सोर्समध्ये दिसते, म्हणून टीओएसआरसीफाइल या पॅरामीटरमध्ये आपल्या लायब्ररीतली फाइल द्या.

व्हीएस कोड आणि त्याचं एक्स्टेंशन कोड फॉर आयबीएम आय दोन्ही फुकट. ऑप्शन(*इव्हेंटएफ) दिलं की चुकांची यादी एडिटरमध्येच येते, क्लिक केलं की थेट त्या ओळीवर. हजारो ओळींच्या प्रोग्रामला याला तोड नाही. पण कंपनीने एसएसएच (सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) उघडलेलं नसेल तर हा पर्यायच मिटला.

लाइन सारखी तुटत असेल तर हिरवी स्क्रीन, नाहीतर व्हीएस कोड, हे आमचं स्पष्ट मत. सगळ्यात छळणारा एसक्यूएल०३१२, म्हणजे ‘व्हेरिएबल सापडत नाही किंवा वापरता येत नाही’, साधन बदलून जात नाही. व्हेरिएबल डोळ्यांसमोर असतं, पण /इन्क्लूडमधून, म्हणजे दुसऱ्या फाइलचा मजकूर आत आणणाऱ्या ओळीतून आलेलं असतं. आरपीजीपीपीओपीटी हा कंपाइल कमांडचा पॅरामीटर *नन असेल तर प्रीकंपायलर /कॉपी (तेच काम करणारी दुसरी सूचना) वाचतो, मात्र कॉपीच्या आतली कॉपी त्याला चालत नाही आणि /इन्क्लूडकडे तो बघतच नाही. *एलव्हीएल१ आतल्या कॉपीही उलगडतो. *एलव्हीएल२ /इन्क्लूडसुद्धा उलगडतो, त्यामुळे नको असलेले शेकडो प्रोटोटाइपही (प्रोसीजरच्या घोषणा) सोर्समध्ये येऊन बसतात. आम्ही *एलव्हीएल१ घ्या म्हणू: एसक्यूएलला लागणारी डेटा स्ट्रक्चर्स /कॉपीने आणा, बाकी प्रोटोटाइप /इन्क्लूडने.

तरीही ०३१२ हटला नाही, तर व्हेरिएबलचा प्रकार एसक्यूएलला चालणारा आहे का ते तपासा. उदाहरणार्थ, पॉइंटर चालत नाही. एका फेचमध्ये अनेक ओळी आणताना एसक्यूएल५०११ आला, तर डेटा स्ट्रक्चरला डिम (अ‍ॅरेचा आकार) दिलंय का ते आधी बघा.