संग्रहालयाच्या मित्रमंडळाचं सभासदत्व: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

संग्रहालयाचा डिह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढून घेणारं मशीन) बंद पडला आणि सर्व्हिसवाल्यांशी कडाक्याचं भांडण झालं म्हणून लिहितेय, नाहीतर वर्गणी भरून गप्प बसले असते. संग्रहालय सिंधुदुर्गातलं, छोटं, ट्रस्टचं. मित्रमंडळात काय मिळतं ते माहीत असेलच, फुकट प्रवेश, व्याख्यानं वगैरे. वर्गणी 500, तिकीट 20. म्हणजे 25 वेळा गेलात तर पैसे फिटणार. वसुलीच्या हिशेबाने येणार असाल तर येऊच नका.

मी आले गंजिफासाठी, म्हणजे जुन्या खेळाच्या गोल पत्त्यांसाठी. दशावतारी संच, दहा अवतारांचे प्रत्येकी 12 असे 120 पत्ते, सगळे हाताने रंगवलेले. सावंतवाडीच्या राजवाड्यात राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी ही कला पुन्हा उभी केली ती अलीकडची, 1970 च्या दशकातली, आमचा संच त्याच्या आधीचा आहे आणि त्यातले काही पत्ते हरवलेत. या पत्त्यांना चिंचोक्याची खळ असते, वरून लाखेचा हात. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकली की खळीवर बुरशी आलीच समजा, आणि आपल्याकडे जुलैत 90 असते!

म्हणून मंडळाने वर्गणीतून हे डिह्युमिडिफायरचं मशीन घेतलं. मशीन चांगलंय, पण त्याची टाकी!! टाकी भरली की ते आपोआप बंद होतं. संग्रहालय पाचला बंद, सोमवारी सुट्टी, मग रात्रभर खोली परत ओली आणि सकाळी परत कोरडी. हे वरखाली होणं सगळ्यात वाईट, कारण लाखेचा थर आणि आतला कागद सारखे फुगत-आकसत नाहीत, तडे जातात, रंगाचे पापुद्रे सुटतात. मागच्या बाजूला पाइप लावायची सोय आहे, मशीन स्टुलावर ठेवून पाइप खाली मोरीत सोडला की टाकीचा प्रश्नच मिटतो. हे मी प्रत्येक बैठकीत बोललेय. ट्रस्टी म्हणतात जुन्या भिंतीला भोक नको. अहो, खिडकी आहे की!

त्यात ऑगस्टमध्ये कॉम्प्रेसर गेला. कंपनीचं उत्तर, संग्रहालय म्हणजे कमर्शियल वापर, वॉरंटी नाही. खजिनदारांनी ट्रस्टची नोंदणी पाठवली, फोनवर फोन केले, तेव्हा कुठे माणूस आला.

पण मधल्या काळात जे झालं त्याने माझं मत पार बदललं. आधी मला व्याख्यानं हाच फायदा वाटायचा, आता ती ठीकठाक वाटतात. सभासदांनी पत्ते घट्ट झाकणाच्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवले, ओलाव्याने निळं जेल गुलाबी झालं की एकजण कॉलेजच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये तापवून आणायचे (घरच्या ओव्हनमध्ये नको, त्या निळ्या रंगात विषारी कोबाल्ट असतं). डबे उघडलेच आहेत तर नोंदवहीशीही ताळा जुळवून घेऊ म्हणून एकेका पत्त्याचा फोटो काढला, नंबर पेन्सिलीने पाकिटावर लिहिला, पत्त्यावर नाही. तेव्हा कळलं की दोन पत्ते या संचातले नाहीतच, काठाची नक्षी वेगळी आहे. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. या कामासाठी मी 500 काय, जास्तही देईन.

देणगी देणार असाल तर पावतीवर ‘संवर्धनासाठी’ असं लिहून घ्या, नाहीतर पैसे गेटच्या रंगात जातात. मी सभासदत्व पुढे चालू ठेवलंय, वार्षिक सभेत पाइपचा ठराव लेखी देणारेय आणि सोमवारी चावी एका सभासदाकडे असावी हेही त्यातच टाकतेय.