पुण्यात २४ हजारांचं भाडं की ५२ हजारांचा हप्ता?

पुण्यात नोकरी करणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींना दिवाळीत गावी गेलं की एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, "भाडं म्हणजे पैसे पाण्यात." परत आल्यावर ब्रोकरचा फोन येतो की मालकाने भाडं वाढवलंय, पटत नसेल तर महिनाअखेर फ्लॅट रिकामा करा. मालक दुबईला असतो आणि याच सोसायटीत त्याचे आणखी दोन फ्लॅट आहेत, हेही त्याच फोनवर कळतं. अशा वेळी डोकं तापतं आणि पुढच्याच रविवारी अनेक जण कुठल्यातरी साइटवर बुकिंगचा चेक देऊन मोकळे होतात. तो चेक देण्याआधी करायचा हा हिशेब आहे.

हिशेबासाठी ८० लाखांचा रेडी पझेशन टू बीएचके धरू आणि त्याच इमारतीत तसाच फ्लॅट २४ हजार भाड्याने मिळतो असं धरू. ७५ लाखांच्या वरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांची आहे. इथे कर्जच ६० लाखांचं असल्यामुळे ८० टक्क्यांपर्यंत बसू शकतं, पण बँकेच्या मूल्यांकनावर फार विसंबू नका, २० लाख हाताशी ठेवा. त्यावर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. म्हणजे किल्ली हातात येईपर्यंत तुमचे जवळजवळ २६ लाख गेलेले असतात.

६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण ५२,०७०. आता पहिला हप्ता उघडून बघा. त्यात व्याज ४२,५०० आणि मुद्दल फक्त ९,५७०. भाडं पाण्यात जातं असं म्हणणाऱ्या काकांना हा आकडा जरूर दाखवा, कारण पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच भाड्याच्या पावणेदोन पट आहे. पाच वर्षांत तुम्ही ३१ लाखांच्या वर हप्ते भरता आणि मुद्दल फिटतं जेमतेम ७ लाख. उरलेले २४ लाख व्याजाचे.

भाडेकरूच्या बाजूला त्याच पाच वर्षांत, दरवर्षी ५ टक्के वाढ धरूनही, १६ लाख जातात.

घर विकत घेणाऱ्याच्या बाजूला व्याज, मुद्रांक शुल्क आणि मेंटेनन्स धरा. अडकलेले २६ लाख एफडीत ठेवले असते तर साडेसहा टक्क्यांनी जे मिळालं असतं तेही धरा. भाडेकरूपेक्षा घर घेणारा पाच वर्षांत सुमारे २५ लाखांनी मागे पडतो. हे भरून यायचं तर ८० लाखांचा फ्लॅट पाच वर्षांनी १ कोटी ५ लाखांना विकला गेला पाहिजे, म्हणजे दरवर्षी साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढ. २०२१ नंतर घर घेतलेल्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण २०१४ ते २०२० या काळात पुण्यात भाव बऱ्यापैकी जागच्या जागी होते, आणि तेव्हा घेतलेल्यांना हप्ते मात्र चुकले नाहीत. शिवाय व्याजदर तुमच्या हातात नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण कर्जाची मुदत वर्षानुवर्षं लांबली.

म्हणजे आकड्यांवर भाड्याचं घर सरस ठरतं. तरीही भाड्याने राहणारी माणसं सुखी नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. भाड्याच्या घराची खरी किंमत २४ हजार नसते. दर ११ महिन्यांनी पुन्हा ब्रोकरेज, पुन्हा टेम्पो, डिपॉझिटमधून रंगकामाचे कापलेले पैसे, मुलांची बदललेली शाळा, आणि 'बॅचलरना देत नाही' हे ऐकून घेणं, हे सगळं त्यात धरावं लागतं. सोसायटीच्या बैठकीत भाडेकरूला आवाज नसतो, पण पार्किंगवरून बोलणी मात्र त्यालाच खावी लागतात.

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. घरमालकांच्या मनातली भीती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. गिरगाव-लालबागच्या चाळी आणि पुण्यातल्या पेठांमधले वाडे डोळ्यांसमोर मोडकळीला आले, मालकाला डागडुजीपुरतंही भाडं मिळेना. 'भाडेकरू घुसला की निघत नाही' ही धास्ती तिथली आहे. पण तो काळ गेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या कलम २४ नुसार लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळापुरत्या भाडेकराराची, मुदत संपल्यावर माणूस घर सोडत नसेल तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि त्या काळासाठी दुप्पट भाडं मागू शकतो. एवढं संरक्षण असताना तीन वर्षांचा करार द्यायला मालक का घाबरतात, हे मला खरंच पटत नाही.

गुंतवणूकदार म्हणून बघितलं तर घरमालकाचंही फार बरं चाललेलं नाही. ८० लाखांवर वर्षाला २ लाख ८८ हजार भाडं म्हणजे ३.६ टक्के, एफडीपेक्षाही कमी. म्हणून तो भाड्यावर नाही, भाववाढीवर जगतो, आणि म्हणूनच काही जण फ्लॅट सरळ कुलूप लावून ठेवतात. २०१९ च्या अर्थसंकल्पानंतर दोन घरांवर स्वतःच्या वापराची म्हणून काल्पनिक भाड्याचा (घर रिकामं असूनही मिळालं असं धरलेल्या भाड्याचा) कर लागत नाही, त्यामुळे दुसरं घर रिकामं ठेवायला फारसं काही पडत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली होती. मला राग आहे तो या बंद कुलपांचा. ज्याने फ्लॅट भाड्याने दिलाय त्याच्यावर तो काढू नये. तो निदान कोणाच्या तरी डोक्यावर छप्पर देतो, आणि पुणे महापालिकेच्या हद्दीत त्याला मिळकतकरात स्वतः राहणाऱ्यांना मिळते ती ४० टक्के सवलतही मिळत नाही.

बांधकाम चालू असलेल्या घराबद्दल थोडक्यात. ५ टक्के जीएसटी वर लागतो, म्हणजे इथे ४ लाख. ताबा मिळेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहतात. महारेरावर (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर) प्रकल्पाची मुदत किती वेळा वाढली ते बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पहिलं घर घेणाऱ्याने रिसेल किंवा रेडी पझेशनच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग कोणी काय करावं? नोकरी बदलायची शक्यता असेल, बंगळुरू-हैदराबादचा विचार असेल, किंवा २६ लाखांमध्ये आईवडिलांची निवृत्तीची पुंजी जाणार असेल, तर भाड्यानेच राहा. मात्र ११ महिन्यांच्या चक्रात अडकू नका. ११ महिन्यांच्या करारालाही महाराष्ट्रात नोंदणी लागतेच, भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे, त्यामुळे मुदत कमी ठेवून कोणाचंच काही वाचत नाही. ३६ महिन्यांचा करार मागा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे २४ हजारांच्या घराला दोन-सव्वादोन हजार, आणि नोंदणीचे एक हजार. दरवर्षीची वाढ, सोडताना रंगकाम कोणाचं, डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) दोघांनाही सारखा, हे सगळं करारात लिहून घ्या. सोसायटी तुमच्याकडून वेगळे 'भाडेकरू चार्जेस' मागत असेल तर विचारा. ना-भोगवटा शुल्क (सभासद स्वतः राहत नसलेल्या फ्लॅटवर सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा सरकारी आदेश २००१ पासून आहे, आणि ते भरायचं असतं सभासदाने.

सात-आठ वर्षं याच भागात राहणार हे नक्की असेल, मुलांची शाळा ठरली असेल, घरात दोन पगार असतील आणि एका पगारात हप्ता झेपत असेल, तर घर घ्या. भाव वाढोत न वाढोत, तुम्हाला राहायला घर हवंय. पण ते चिडून घेऊ नका, आणि ८० लाखांचं परवडत असताना सव्वा कोटीचं बघायला जाऊ नका. दस्त करताना घर एकट्या बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेता येतंय का ते बघा. महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे ८० लाखांवर ८० हजार वाचतात, तेवढ्यात स्वयंपाकघराचं फर्निचर होतं.